बहात्तर किलोमीटरांचा हिशेब

बँकेतील नोकरदाराच्या हाती बदलीचा आदेश पडला, की तो सर्वप्रथम काय पाहतो? शाखेचा दर्जा नव्हे, घरभाडे भत्त्याचा वर्गही नव्हे. तो पाहतो गावापासूनचे अंतर. २०२२ च्या उन्हाळ्यात माझी बदली आसाममधील दिब्रुगढ येथे झाली, तेव्हा आमच्या नांदेडच्या घरी हेच घडले. वडिलांनी शालेय नकाशा काढला, त्यावर फूटपट्टी ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवीत एवढेच म्हणाले, "पट्टी पुरत नाही."

पुढे दिब्रुगढला रुजू झाल्यावर अंतर या विषयाशी माझा निराळ्याच तऱ्हेने संबंध आला. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे, अरुणाचल प्रदेशातील पासीघाट परिसरातील काही बचत गटांच्या कर्जप्रकरणांची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले. दिब्रुगढ ते पासीघाट किती दूर, असा साधा प्रश्न मी शाखेत विचारला. त्यावर चार जणांनी चार उत्तरे दिली. एक म्हणाला, बहात्तर किलोमीटर. दुसरा म्हणाला, दीडशे. तिसरा म्हणाला, चार तास. आणि आमच्या शाखेतील सर्वांत ज्येष्ठ शिपायाने सांगितले, "साहेब, पूर्वी एक दिवस लागत असे. कधी दोन."

वाचकहो, गंमत अशी, की ही चारही उत्तरे बरोबर होती.

बहात्तर हे उत्तर विमानाचे. ते कसे येते हे समजून घेण्यासाठी वैमानिक असण्याची गरज नाही. टेबलावरचा हिशेबाचा कॅल्क्युलेटर पुरतो. दिब्रुगढचा मोहनबारी विमानतळ साधारणपणे २७ अंश २९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, तर पासीघाटची धावपट्टी २८ अंश ४ मिनिटांवर. फरक ३५ मिनिटांचा. येथे मिनिट म्हणजे घड्याळातील नव्हे, तर अंशाचा साठावा भाग. पृथ्वीच्या गोलावर अक्षांशाचे एक मिनिट म्हणजेच एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. जहाजे आणि विमाने आजही सागरी मैलांत मोजमाप करतात ते याच सोयीमुळे. म्हणजे पासीघाट दिब्रुगढच्या उत्तरेस ३५ सागरी मैल. रेखांशांतील फरक सुमारे १९ मिनिटे. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ सरकतात, म्हणून या अक्षांशावर त्या १९ मिनिटांचे सुमारे १७ सागरी मैलच उरतात. आता शाळेतील काटकोन त्रिकोण आठवावा. पस्तिसाचा वर्ग १२२५, सतराचा वर्ग २८९, बेरीज १५१४ आणि तिचे वर्गमूळ जवळजवळ ३९. एकोणचाळीस सागरी मैल, म्हणजेच ७२ किलोमीटर. लांबच्या प्रवासात पृथ्वीची गोलाई ध्यानात घ्यावी लागते आणि गणित अधिक किचकट होते. परंतु एवढ्या अंतरासाठी पायथागोरस समर्थ आहे.

अंतर निघाले. आता वेळ. आणि येथेच माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराला परिचयाचा प्रदेश लागतो.

१२ एप्रिल २०२२ रोजी अलायन्स एअरने दिब्रुगढ–पासीघाट मार्गावर डॉर्नियर २२८ जातीच्या विमानाने सेवा सुरू केली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात बनलेले, सतरा आसनांचे हे विमान. देशात बांधलेल्या डॉर्नियरने नागरी प्रवासी सेवेत केलेले ते पहिले व्यावसायिक उड्डाण म्हणून त्या दिवसाची बरीच प्रसिद्धी झाली होती. हे विमान ताशी साडेतीनशे किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर ७२ किलोमीटरला लागणारा वेळ होतो १२ मिनिटे आणि २० सेकंद. आमच्या शाखेत एखादा ड्राफ्ट तयार व्हायला याहून अधिक वेळ लागत असे.

प्रत्यक्षात मात्र प्रवास अर्ध्या तासाच्या घरात जातो. मधली मिनिटे जातात कोठे? विमान वाहतुकीच्या व्यवसायात 'ब्लॉक टाइम' नावाची एक संज्ञा आहे. चाकांखालचे अडसर काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लावेपर्यंतचा सगळा काळ तीत धरतात. धावपट्टीच्या टोकाशी रांगत जायचे, परवानगीची वाट पाहायची, वर चढायचे, दिशा घ्यायची, वेग कमी करीत उतरायचे, वळसा घेऊन धावपट्टीसमोर यायचे आणि पुन्हा रांगत थांबायचे. अंतर सत्तर किलोमीटर असो की सातशे, ही कामे चुकत नाहीत. खर्चलेखा शास्त्रात आपण याला स्थिर खर्च म्हणतो. कारखान्यात एक वस्तू काढा वा हजार, जागेचे भाडे द्यावेच लागते, तसेच हे. अंतरानुसार बदलणारा भाग तो केवळ मधल्या बारा मिनिटांचा.

तुलनेसाठी गुवाहाटी–पासीघाट हा मार्ग पाहू. २०१८ च्या मे महिन्यात पासीघाटला पहिले व्यापारी प्रवासी विमान आले ते गुवाहाटीहून. हे हवाई अंतर सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे आपल्या मार्गाच्या सहापट. मात्र एटीआर विमानाला वेळ लागतो साधारण सव्वा तास; सहापट नव्हे, अडीचपट. अंतर जितके लहान तितका दर किलोमीटरचा वेळ महाग, आणि पैसाही. इंजिन सर्वाधिक इंधन पिते ते उड्डाण घेताना आणि चढताना. टायर आणि ब्रेक झिजतात ते किलोमीटरांनी नव्हे, उतरण्यांनी. त्यामुळे विमानाच्या देखभालीचे वेळापत्रकही तासांबरोबर फेऱ्यांवर ठरते. लहान मार्गावर विमान चालविणे म्हणजे दर दहा मिनिटांनी खाते उघडून लगेच बंद करणाऱ्या ग्राहकाला सेवा देण्यासारखे आहे. (हे उदाहरण आमच्या रोखपालांना फारच आवडले.)

याचे टोकाचे रूप स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत पाहावयास मिळते. वेस्टरे आणि पापा वेस्टरे या दोन बेटांमधील हवाई अंतर आहे अवघे २.७ किलोमीटर. १९६७ पासून तेथे लहान विमान ये-जा करते. वेळापत्रकात दोन मिनिटे लिहिलेली असतात आणि वारा अनुकूल असल्यास हे उड्डाण मिनिटाभरातही आटोपते. तेथे सारा खर्च स्थिरच! मग ते चालविले का जाते? कारण मध्ये समुद्र आहे, पूल नाही, आणि पलीकडच्या बेटावर माणसे राहतात.

आपल्याकडील उत्तरही त्याच जातीचे आहे. तिकिटाच्या दरातून न भरणारी तूट भरून काढण्यासाठी केंद्र शासनाची प्रादेशिक संपर्क योजना आहे. 'उडान' या नावाने ती सर्वपरिचित झाली. मोठ्या मार्गांवरील विमानांवर आकार बसवून त्या निधीतून लहान मार्गांना ठरावीक वर्षे अर्थसाहाय्य द्यायचे, ही तिची रचना. आमच्या कुटुंबात या योजनेविषयी आपुलकी आहे, कारण २७ एप्रिल २०१७ रोजी तिचा आरंभ झाला त्या दिवशी शिमला–दिल्लीबरोबर जे मार्ग खुले झाले त्यांत नांदेड–हैदराबादही होता. अर्थसाहाय्याची मुदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो का, ही खरी परीक्षा. कित्येक मार्ग त्या परीक्षेत उतरले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. या भागातील वेळापत्रके ऋतुमानानुसार आणि विमानांच्या उपलब्धतेनुसार बदलत राहतात. कोणा वाचकाचा तिकडे जाण्याचा विचार असल्यास निघण्यापूर्वी चौकशी करावी. अरुणाचलात प्रवेश करण्यासाठी इनर लाइन परवाना लागतो, हेही विसरू नये. १८७३ सालच्या कायद्यापासून चालत आलेली ती व्यवस्था आहे, आणि विमानाने आले म्हणून तीतून सूट मिळत नाही.

माझा पहिला विमानप्रवास त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला. सामानाचे वजन सोनाराच्या काट्यासारखे काटेकोर पाहिले गेले. डॉर्नियरच्या प्रवासी कक्षात हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला नसतो, त्यामुळे ते फार उंच जात नाही. आणि हेच या प्रवासाचे भाग्य. मोहनबारी सोडताच चहाचे मळे विंचरलेल्या केसांसारखे दिसू लागले. मग नदी आली. नदी म्हणावे की काय, असा प्रश्न पडावा एवढी. दोन-तीन मोठे प्रवाह, त्यांना फुटलेल्या कित्येक धारा, आणि मधूनमधून वाळूची बेटे. त्यांना तेथे 'चर' किंवा 'चापरी' म्हणतात. काही चरांवर झोपड्या होत्या, मोहरीची पिवळी शेते होती. पावसाळा आला की ती बेटे कोठे असतील हे कोणीच सांगू शकत नाही. उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याचे निळे डोंगर जवळ येत होते आणि त्यांच्या खिंडीतून सियांग नदी मैदानात उतरत होती. हीच तिबेटमधील त्सांगपो. पुढे दिबांग आणि लोहित येऊन मिळाल्या की तिची ब्रह्मपुत्रा होते. मी घड्याळाकडे पाहिले तोवर विमान उतरू लागले होते.

मोहनबारीच्या धावपट्टीला मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात चीनला रसद पोहोचविण्यासाठी हिमालयावरून जी विमाने जात, त्यांच्या तळांपैकी हा एक. स्वातंत्र्यानंतर वायुसेनेने येथून अरुणाचलच्या दुर्गम ठाण्यांना धान्य, मीठ, औषधे पोहोचविली. पासीघाटची धावपट्टीही त्या साखळीतलीच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिचे नूतनीकरण पूर्ण झाले, तेव्हा तेथे सुखोई विमान उतरले होते. प्रवासी वाहतुकीचा पहिला नेटाचा प्रयत्न त्याआधीचा. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या वायुदूत कंपनीचा. ईशान्य भारतातील लहान गावे जोडण्याच्या हेतूने ती निघाली, तिच्या ताफ्यातही डॉर्नियर होते, आणि तोट्याचा भार न पेलल्याने १९९० च्या दशकात तिचा शेवट झाला. स्थिर खर्चाचे गणित तेव्हाही हेच होते.

पासीघाटला माझी गाठ पडली ती एका निवृत्त शिक्षकांशी. आदी समाजातील हे गृहस्थ. त्यांच्या पत्नी एका विणकर गटाच्या प्रमुख होत्या आणि गटाची कागदपत्रे हेच नीटनेटकी ठेवीत. पासीघाटात हिंदी सर्रास बोलली जाते, त्यामुळे संभाषणास अडचण नव्हती. काम संपल्यावर चहा आला. मी माझ्या नव्या विद्येच्या उत्साहात त्यांना बहात्तर किलोमीटरांचे गणित समजावून सांगितले. त्रिकोण काढला, वर्गमूळ काढले, बारा मिनिटे वीस सेकंद काढले. गणिताचे शिक्षक ते. त्यांनी मन लावून ऐकले आणि एका ठिकाणी माझी बेरीज दुरुस्तही केली.

मग त्यांनी आपली हकिकत सांगितली. १९९६ च्या ऑक्टोबरातील. त्यांच्या थोरल्या भावाला तीव्र ताप आला, शुद्ध हरपू लागली. पासीघाटच्या डॉक्टरांनी दिब्रुगढला हलविण्यास सांगितले. दिब्रुगढचे आसाम मेडिकल कॉलेज १९४७ मध्ये सुरू झाले. ईशान्येतील ते पहिले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याआधी तेथे १९०० पासून वैद्यकीय शाळा होती. नदीच्या दोन्ही तीरांवरील लोकांची भिस्त त्यावरच. त्यांनी जीप मिळविली, खाचखळग्यांतून घाट गाठला. तोवर सूर्य मावळला होता. येथे एक गोष्ट सांगावयास हवी. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. पासीघाट त्याच्या पूर्वेस जवळजवळ तेरा अंश. त्यामुळे तेथील सूर्य आपल्या घड्याळाच्या सुमारे ५१ मिनिटे पुढे चालतो. हिवाळ्याच्या तोंडावर पाच वाजण्यापूर्वीच अंधारू लागते. आणि अंधारात फेरीबोट सुटत नसे. बदलत्या वाळूच्या बांधांतून रात्री बोट नेणे म्हणजे सर्वांच्याच जिवाशी खेळ.

ते घाटावर थांबले. चहाच्या टपरीवाल्याने आपली बाज दिली. पलीकडच्या तीरावर, दूरवर, दिवे दिसत होते, असे ते म्हणाले. पहाटेची पहिली बोट सुटली तेव्हा त्यांना पलीकडे जाण्याचे कारण उरले नव्हते. त्यांनी जीप तशीच परत वळविली.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्या कागदावरील त्रिकोणाकडे पाहत त्यांनी विचारले, आणि त्यात टोचण्याचा सूर मुळीच नव्हता, "यात घाटावरची रात्र कोठे धरायची?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. विमानही त्या रात्री उपयोगी पडले नसते, हे मात्र मला ठाऊक होते. लहान धावपट्ट्यांवर बहुधा उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नसते. वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसावी लागते. म्हणजे दिवसाचा उजेड हवा, ढग पुरेसे उंच हवेत आणि सुमारे पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावयास हवे.

त्याचा प्रत्यय मला दुसऱ्याच दिवशी आला. सकाळपासून डोंगर ढगांत बुडाले होते, सियांगच्या पात्रावर धुके साचले होते. विमान आले नाही. उड्डाण रद्द झाल्याचे कळले तेव्हा काही प्रवाशांनी कुरकुर केली. पण ढगांत डोंगर शोधीत येण्यापेक्षा न येणे शहाणपणाचे, याविषयी माझ्या मनात तरी शंका नव्हती. मी मोटारीने परतायचे ठरविले. गुरुजींना दिब्रुगढला डोळे दाखवायचे होते. ते बरोबर निघाले.

हा तो दीडशे किलोमीटरांचा मार्ग. जोनाई, शिलापथार आणि मग बोगीबील. तेथील पुलाची पायाभरणी झाली १९९७ च्या जानेवारीत, म्हणजे गुरुजींच्या त्या रात्रीनंतर तीन महिन्यांनी. पूल वाहतुकीस खुला झाला २५ डिसेंबर २०१८ रोजी. लांबी ४.९४ किलोमीटर, वर तीन पदरी रस्ता, खाली लोहमार्ग, खर्च ५,९०० कोटी रुपयांच्या घरात. प्रकल्प लांबला की खर्च कसा फुगतो याचे हे उदाहरण कर्ज विभागातील प्रशिक्षणात द्यावे असे आहे. पण कर्जावरील व्याजाप्रमाणे, वाट पाहणाऱ्यांवर चढलेले व्याज कोणत्या रकान्यात दाखवावे?

वाटेत मी मनाशी आणखी एक ताळेबंद मांडला. घर ते विमानतळ अर्धा तास, तेथे तासभर आधी हजेरी, ब्लॉक टाइम अर्धा तास, पासीघाटला उतरून गावात पोहोचेपर्यंत आणखी पाव-अर्धा तास. विमानाने जाणाऱ्याचे अडीच तास होतात. पुलावरून मोटारीने जाणाऱ्याचे चार. बारा मिनिटांच्या त्या जादूतून हाती उरतो दीड तास. पूल नव्हता तेव्हा हाच लाभ सबंध दिवसाचा असता. पुलाने विमानाचे महत्त्व निम्म्याहून अधिक कमी केले, असे माझे स्पष्ट मत आहे. विमान हवेच, पावसाळ्यात रस्ते खचतात तेव्हा, आणि पासीघाटच्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी पुढचे कोलकात्याचे विमान पकडायचे असते तेव्हा. परंतु या दोन गावांमधील अंतर जर कोणी खरोखर कमी केले असेल, तर ते जमिनीवरून. विमानाच्या चाहत्यांनी मला क्षमा करावी.

आम्ही बोगीबीलला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि काळोख गडद होता. पुलावरील दिव्यांच्या रांगेत मोटार शिरली. गुरुजी खिडकीशी सरकून बसले. डोळ्यांत मोतीबिंदू, बाहेर अंधार. नदी काही त्यांना दिसली नसणार. समोरून एक रुग्णवाहिका आली आणि शिलापथारच्या दिशेने निघून गेली, बहुधा रिकामी परतत असावी. आमच्या मागून येणाऱ्या मालमोटारीने दोनदा भोंगा वाजविला.

"किती वेळ लागला?" पूल संपल्यावर गुरुजींनी विचारले.

मी घड्याळ पाहिलेच होते. "सहा मिनिटे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलविली, खिशातून छोटी वही काढली आणि मोटारीतला दिवा लावावयास सांगून तीत तो आकडा लिहून ठेवला.